रकाना क्रमांक नऊ

डलूथच्या इस्पितळात, तळघरात,
वेंडेल निएमी टॉवेलांच्या घड्या घालतो. अकरा वर्षं.
दर गुरुवारी डार्ला येते, वीस मिनिटं,
नवं मशीन आलं की जरा जास्त.

माझ्याकडे येतो तो फक्त कागद:
तास, सही, आणि तो रकाना,
'मदत केव्हा थांबवता येईल?'

एकदा मार्चात मी थांबवली होती. तीन आठवडे.
वेंडेल रोज वेळेवर यायचा,
कोट न काढता
बंद पडलेल्या पट्ट्यासमोर उभा राहायचा.
कुणाला विचारायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता त्या रकान्यात मी
सरोवरावरचा बर्फ कधी फुटेल ते लिहिते,
अंदाजे, आणि दर वर्षी नव्यानं.
वरच्या ऑफिसला तारीख लागते.
तारीख मिळाली की ते गप्प बसतं.