हातमोजा

जानेवारी ते एप्रिल तो थंडीत असतो,
पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये.
बाहेर मार्चचं ऊन काहीही करो,
आत दीड अंश,
आणि छतापर्यंत द्राक्षांच्या पेट्या
रॉटरडॅमच्या बोटीची वाट बघत.

नाव निवृत्ती.
तीन ग्रुपांचा अ‍ॅडमिन.

मी मखमलाबाद नाक्यावर, तिसऱ्या मजल्यावर
कूस बदलते आणि फोन उचलते.
त्याच्या नावाशेजारी हिरवा ठिपका.
दोन बेचाळीस.
लग्नाच्या पहिल्या सीझनला तो देवघरातल्या झिरोच्या बल्बसारखा वाटायचा,
आहे, जागा आहे, बरा आहे.
यंदा त्याच ठिपक्याला मी विचारते,
कुणासाठी?

मग एका रात्री
प्रज्वला बोरस्तेच्या फोटोवर त्याचं हार्ट.
गंगापूर धरणाचं पाणी, हळदी कुर्ता,
ओढणी वाऱ्यावर, म्हणजे कुणीतरी धरून सोडलेली.
एकशे बारा हार्ट.
एकशे अकरांशी माझं काही भांडण नाही.

पण मला ठाऊक आहे,
त्या जाड हातमोज्याला स्क्रीन दाद देत नाही.
म्हणजे दातांत धरून ओढला असणार त्यानं,
दीड अंशात उघडी केली असणार ती बोटं
जी घरी आल्यावर कपाभोवती गुंडाळलेली असतात
आणि चहा निवेपर्यंत कुणाचीच नसतात.
मला तो नुसता अंगठा पाठवतो.
दूध आणशील? अंगठा.
आईचा फोन आला होता. अंगठा.

पहाटेपर्यंत मला प्रज्वलाच्या मावसबहिणीचं लग्न पाठ होतं,
कुत्र्याचं नाव, जुनी स्कूटी, नवी स्कूटी.
दोन हजार एकोणीसपर्यंत उतरले
श्वास रोखून, अंगठा कुठे लागू नये म्हणून,
निसरड्या घाटावर उतरतात तशी.

दिवसभर मी पतसंस्थेत बसते, पंचवटी कारंजावर.
लोकांची पत तपासते.
दोन जामीनदार, सहीचे तीन नमुने,
थकलेला हप्ता चेहऱ्यावरून ओळखते.
घरच्या खात्याला जामीनदार कोण,
ते मॅनेजरला विचारता येत नाही.

शेवटी त्यालाच विचारलं, सकाळी सात वाजता,
चहा गाळताना, पाठमोरी.

"नाकानं," तो म्हणाला.
काय नाकानं?
"हातमोजे कोण काढत बसतंय. फोन रॅकवर टेकवायचा,
नाकानं वर सरकवायचं. कुठं काय दाबलं गेलं
देवाला माहीत."

मी हसले.
हसायला नको होतं. आठ रात्री साठवलेला राग
त्या हसण्यातच खर्ची पडला,
आणि उरलेली शंका
आता मांडायची कशी?

मग तो, कपात बघत,
"आणि तू? दोन बेचाळीसला?
मलाही दिसतो तुझा ठिपका.
पंधरा दिवस बघतोय.
विचारलं नाही."

टेबलावर त्यानं आणलेली नापास पेटी होती.
आत तो पांढरा कागद, हळूहळू वायू सोडणारा,
बुरशी येऊ नये म्हणून.
दोन कागद पडले होते चुकून,
म्हणून देठाशी मणी पांढरे,
म्हणून नापास.
आम्ही तीच खात बसलो. गोड होती, थोडी जळकट.

तो झोपला. नाकाचा शेंडा अजून लाल.
मला खात्री करायची होती, एवढंच.
फोन चेहऱ्याशी धरला
आणि नाक टेकवलं.

चालतं.
दोन हजार एकोणीस, पांडवलेण्याच्या पायऱ्या,
कॉलेजातली प्रज्वला, दोन वेण्या.
त्यावर माझं हार्ट.
काढलं लगेच,
पण तिकडे कुठेतरी
तिचा फोन थरथरून गेला असेल.