नस्तीबद्ध

एम.ए. भाग दोन, लोकप्रशासन, पेपर पाचवा.
धुळ्याचं केंद्र. मे महिना.
पंखा फिरतोय हजेरीपुरता,
उत्तरपत्रिकेला घामाने मनगट चिकटतं
आणि सुटताना निळ्या शाईचा एक शब्द घेऊन येतं.
प्रश्न पहिला :
पदसोपानाचे तत्त्व सांगून गुणदोष लिहा.
गुण सोळा.

नऊ वर्षं मी पारोळ्याला तहसिलात आवक-जावक बघते.
येणाऱ्या कागदाला नंबर, जाणाऱ्याला नंबर.
येणारे फार. जाणारे
त्या मानाने घरी बसणारे.

पुस्तक वाचलं ते चुलीपाशी.
कळण्याची भाकरी थापताना ओट्यावर उघडं पान,
त्यावर पिठाची बोटं :
'आदेशाची एकता.
एका सेवकास एकच वरिष्ठ असावा.'
आतून सासूबाईंनी पाणी मागितलं,
दारातून पोराने मोजे,
फोनवर नायब साहेबांनी कालची यादी.
भाकरी करपली.
ती मीच खाल्ली, उपप्रकरणासह.

मग प्रबंधिका. 'तालुका स्तरावरील अर्जांचा निपटारा : एक अभ्यास.'
भामरे सर म्हणाले, नमुना तीनशेचा घ्या,
जुने बस्ते सोडा, वाळवी असते.
मी सोडले नाहीत.
रविवारी किल्ली मागून घेतली,
तोंडाला ओढणी बांधून अभिलेखकक्षात बसले
आणि एकेक लाल रुमाल सोडत गेले.
मिळणेबाबत. मिळणेबाबत. पुनश्च मिळणेबाबत.

दोनशे बारावा कागद उचलला
आणि अक्षर तलाठ्याचं होतं, सही मात्र ओळखीची.
उ मोठा, खा त्याच्या मागे लंगडत.
उखा झिपरू, कोतवाल, मौजे टेहूखेडे.
विषय : रात्रीच्या गस्तीसाठी बूट जोडी एक
व बॅटरी एक मिळणेबाबत.
साल एक्क्याण्णव.
मी तेव्हा पाच वर्षांची,
पहाटे ओट्यावर बसून आबा टाचेतले काटे काढायचे,
मी चिमणी धरायची.
चिमणी हलली की ओरडायचे.

समासात शेरे होते.
पुढील कार्यवाहीस्तव सादर. सही.
शिफारशीसह सादर. सही.
तपासून सादर. सही.
तलाठी, मंडळ अधिकारी, अव्वल कारकून, नायब.
पायरी पायरीने
अर्ज अनवाणी जिना चढत गेला होता.
सर्वात वर, हिरव्या शाईत, वळणदार :
पाहिले. नस्तीबद्ध.

कागद घरी नेला नाही.
नियम माहीत आहे मला, कलमासकट.
वहीत रकाने भरले :
अर्जाचा प्रकार, साहित्य मागणी.
टप्पे, पाच.
कालावधी, चौदा महिने.
अर्जदारास कळविल्याचा दिनांक —
इथे एक आडवी रेघ.
रुमालाची गाठ मी होती त्यापेक्षा सैल बांधली.
का, ते सांगता येणार नाही.

सर म्हणाले, तक्ता चांगला आहे,
निष्कर्षात भावना आली आहे, ती काढा.
काढली.

आता या बाकावर
गुण लिहिते आधी. गुण असतातच :
जबाबदारी निश्चित होते, संदेश ठरल्या वाटेने जातो.
खरं आहे ते. मीही त्याच वाटेवर बसते,
माझ्याही हाताखालून 'सादर' म्हणून गेलेत शेकड्याने,
पुढे कुठे थांबले, मी विचारलेलं नाही.
दोषांपाशी पेन अडतं.
घंटेला वीस मिनिटं उरलीत.

परवा गावी गेले होते.
आबा खाटेवर, पाय उघडे,
टाचा उन्हाळ्यातल्या बोरीच्या पात्रासारख्या.
सगळं सांगितलं. हसले.
"बूट? हां, मांगेल व्हतात खरं.
मन्हं नाव लिखं का वं त्यामा?"
म्हटलं, नाव नाही लिहीत आबा,
क्रमांक लिहितात. दोनशे बारा.
थोडा वेळ बघत राहिले.
"क्रमांक ते क्रमांक.
उत्तर लिखं का?"

पुरवणी मागण्यासाठी मी हात वर करते.