पाचर

दाभोळला, फेरीबोटीच्या धक्क्यापलीकडे, ताडपत्रीखाली
दाऊद मेस्त्री होडी बांधतो
आणि होडीतून जे उरतं, ते माझी लेक बांधते.

चहाच्या टपरीवरून मला दोन्ही दिसतं.
इकडे पठाण, त्यावर उभे वाक,
खाऊन ठेवलेल्या सुरमईच्या काट्यासारखे.
तिकडे भुश्यात फतकल मारून वेदू:
सागाचे चौकोन, किंजळीचा एक निमुळता तुकडा,
फणसाचा पिवळा, अजून वास न गेलेला,
एकावर एक, एकावर एक, आणि धप्प.
हसते.
परत पहिला ठेवते.

ऑइलपेंटचा निळा डबा आहे तिचा.
झाकण उघडायला चमचा लागतो. माझाच. साखरेचा.
आत सदुसष्ट तुकडे.
रोज मोजते,
आंघोळीला हाक मारली की मुद्दाम पहिल्यापासून.

प्रत्येकाला नाव आहे, ज्या होडीचा तिचंच:
ही धनवंती. हा गाठीवाला म्हणजे नुरानी,
जिची फळी मेस्त्रीने उलटी कापली
आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही.
किंजळीची ती दर्याफूल.
दर्याफूल तर मागच्या वादळात खडकावर फुटली गो,
मी म्हणते, तिची लाकडं जळणाला गेली.
ती डबा हलवते. खडखड.
"ही काय."

नवा तुकडा मिळाला की आधी हुंगते,
मग गालाला लावते,
मग उभा राहतो का बघते.
राहिला तर भिंतीचा,
नाही राहिला तर छपराचा.
नापास कुणीच होत नाही.

दिवाळीत आत्याने पुण्याहून प्लास्टिकचे ठोकळे पाठवले,
टक्कन एकमेकांत बसणारे.
आवडले तिला, खोटं कशाला सांगू.
दोन दिवसांत घर झालं, खोक्यावरच्या चित्रात होतं तस्संच.
तिसऱ्या दिवशी त्याला सागाचं अंगण आलं.
चौथ्या दिवशी घराला नाळ फुटली,
आणि पाचव्या दिवशी सकाळी बघते तर
अख्खं घर खाडीकडे तोंड करून उभं.

नारळी पौर्णिमेला तीन दिवस होते.
पालशेतकरांच्या होडीवर नाव तेवढं रंगवायचं राहिलेलं.
दिवेलागणीला मेस्त्री टपरीवर आला,
चहा नको म्हणाला,
आणि वेदूसमोर उकिडवा बसला.
"इंजिनाखाली फट राहिली. पाचर पायजे.
दोन बोटं जाड, एका अंगाला निमुळती.
वखार तर बंद."

वेदूने डब्यात न बघता हात घातला.
बाहेर काढली, पण मूठ उघडेना.
"परत देशील?"
मेस्त्री खोटं बोलू शकला असता.
"नाय," म्हणाला. "पन कुठं बसली ता दाखवीन."

खांद्यावर बसवून वर नेली तिला.
टपरीवरून मला आवाज तेवढा आला:
हातोड्याचा एक ठोका,
मग तिचा, वरच्या पट्टीतला,
"दर्याफूल हाय ती! हळू मार!"
मग दुसरा ठोका. हळू.

होडी पाण्यात गेली त्या दिवशी
सगळी पोरं ओरडत कमरेएवढ्या पाण्यात,
ही मात्र वर, डबा पोटाशी धरून.
रात्री मोजायला बसली.
सहासष्टवर थांबली.
मला वाटलं, आता रडणार.
उठून दारात गेली, खाडीच्या तोंडाशी
दीपगृहाच्या खाली एक दिवा हलत होता, त्याच्याकडे बोट केलं,
म्हणाली, "सदुसष्ट."

तेव्हापासून होडी बाहेर असली
की डब्याला झाकण लावू देत नाही.
आज तिसरा दिवस.
गिऱ्हाइकांना मी साखर
अंदाजाने, हातानेच घालत्येय.