सुट्या सोंगट्यांचा डबा

ईरीमध्ये, पीच स्ट्रीटवर, चावीवाला आणि बंद पडलेली लॉन्ड्री
यांच्या मधोमध कॅझ वोझ्निकचं दुकान होतं.
दाराला घंटा नव्हती. दारच कुरकुरायचं.
आत कोऱ्या पुठ्ठ्याचा वास, रंगाच्या चिमुकल्या बाटल्यांचा,
आणि जानेवारीत, सरोवराकडून बर्फ तुडवत आलेल्यांच्या
ओल्या लोकरी कोटांचा.

मी अकरा वर्षांचा, खिशात दीड डॉलर.
बरणीतले फासे तो सुटे विकायचा, एकेक,
आणि घेण्याआधी टाकून बघू द्यायचा.
"तुझ्या हाताचं कुठला ऐकतो ते बघ."
मी निळा घेतला.
त्याने आजवर माझं काही ऐकलेलं नाही.

मागच्या खोलीत सहा टेबलं. शुक्रवारी ऑड्रा यायची,
दिवसभर शहराची बस चालवून, रात्री एका साम्राज्याची सेनापती.
शाळेत चार वर्षं तोंड न उघडलेला एम्मेट
इथे एका नियमावरून तासभर भांडायचा,
न अडखळता.
कुणी हरताना पट उधळला की कॅझ, मान वर न करता:
"रडीचा डाव घरी."

आणि काउंटरखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा.
त्यात घर सुटलेल्या सोंगट्या, अर्धी वाळूघड्याळं,
कुठल्या खेळाचं ते कुणालाच न आठवणारं एक लाकडी मेंढरू.
कुणाचा हत्ती सोफ्याने गिळलेला, कुणाचा घोडा कुत्र्याने.
"काय हरवलंय?" तो विचारायचा,
डबा ढवळायचा, मीठ शोधावं तसा,
आणि अगदी तसंच नाही, पण चालून जाईल असं काही
तळहातावर ठेवायचा. याचे पैसे नसत.

नंतर आम्ही मोठे झालो, म्हणजे आमच्याकडे फोन आले.
एका शनिवारी मी त्याच्या टेबलावर तीन तास एक खेळ खेळलो,
त्याला वीस प्रश्न विचारले,
आणि त्याची पाठ वळल्यावर खोक्याचा फोटो काढला.
बावीस डॉलर वाचले.
माझे बूट तेव्हा त्याच्याच हीटरपाशी वाळत होते.

आता मी रात्रपाळीला असतो, हायवेलगतच्या गोदामात.
पडदा सांगतो ती फळी, तो खण, इतके सेकंद.
इथे खेळ आणि कुत्र्यांचं खाणं शेजारी शेजारी.
फेब्रुवारीत एका रात्री पडद्यावर आले
एकाच खेळाचे सात नग.
पत्ता वाचला. पुन्हा वाचला.
पीच स्ट्रीट.

घाऊकवाला त्याला ज्या भावाने देतो
त्याहून स्वस्त आम्ही साऱ्या जगाला देतो.
म्हणून तोही आमच्याकडूनच घेणार,
वर तीन डॉलरचं लेबल चिकटवून फळीवर मांडणार,
आणि कुणीतरी येऊन त्याचा फोटो काढणार.

चिठ्ठी टाकता आली नसती. खिसे तपासतात, वर कॅमेरे आहेत.
मी कागद जास्त घातला, ठरल्यापेक्षा दोन हात.
खोक्याचे कोपरे चेपलेले त्याला चालायचे नाहीत,
अंगठ्याने चोळत बसायचा.
नऊ सेकंद उशीर झाला. त्याची नोंद आहे.

जूनमध्ये दुकान मिटलं.
टेबलं चर्चने नेली, बरणी एम्मेटने, रोख देऊन,
घासाघीस न करता.
ऑड्रा बस दारात उभी करून दोन मिनिटं उतरली;
आत बसलेले प्रवासी काचेतून बघत राहिले.

मी गेलो तेव्हा भिंतींवर फळ्यांचे फिकट पट्टे उरले होते.
कॅझने मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही.
सवयीने खाली वाकला, डबा वर घेतला.
"काय हरवलंय?"

"घोडा," मी म्हणालो.
माझ्याकडे बुद्धिबळाचा पटही नाही.

त्याने बराच वेळ शोधला.
जो मिळाला त्याचा एक कान कुरतडलेला आहे.
गाडीत समोर ठेवलाय;
गोदामाच्या वळणावर रोज पडतो.