उसन्या खुर्च्या

कुमगॅरेगच्या शाखेत आम्ही एकवीस जण.
म्हणजे वहीत एकवीस. त्यातले दोन वारलेले,
पण त्यांची वर्गणी अजून बँकेतून येते
आणि ती थांबवा म्हणणं माझ्या जिवावर येतं.

उरलेले एकोणीस एकमेकांना पाण्यात पाहणारे.
खिडकीकडचे म्हणतात, आधी निवडून या, मग तत्त्वं.
हीटरकडचे म्हणतात, तत्त्वं विकून झाली, आता काय विकणार?
ब्रिन आणि इमलिन सख्खे साडू. एकाच मोटारीतून येतात,
दोन टोकांना बसतात,
एकाच मोटारीतून परत जातात.
मध्ये शब्द नाही.

मे महिन्यात नेता पडला.
त्याच्या जागी तिघे उभे राहिले,
तिघेही एकाच शिंप्याने बेतलेले.
चौथी नेस्टा प्रॉसर.
एकोणीस वर्षं इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी पिळलेली,
सत्तावीस वर्षं संसदेच्या मागच्या बाकावरून
स्वतःच्याच पक्षाविरुद्ध मत दिलेली.

चाळीस खासदारांच्या सह्या लागत होत्या. एकोणचाळीस झाल्या.
चाळिसावी दिली ती तिचा कधीच न पटलेल्या एका गृहस्थाने,
उपाहारगृहाच्या रांगेत, एका हातावर ताट तोलत:
घे बाई. तोंडी लावायला असू दे.

आम्हीही हसण्यावारी नेलं.
इमलिनने पाच पौंडांची पैज लावली, ती चौथी येणार.
आणि इमलिन तर तिच्याच बाजूचा.

मग वहीत नावं यायला लागली.
लोव्री, गोदामात रात्रपाळी करणारी, दारातच म्हणाली,
इथं सही करायची का, की आधी काही वाचावं लागतं?
तिच्यामागून तिची पाळी संपवून आलेले अजून सहा.
ट्यूडर आला, ज्याने युद्धाच्या वर्षी
माझ्याच टेबलावर सभासदपत्र फाडलं होतं.
दोन्ही तुकडे त्याने जपले होते. चिकटपट्टी मात्र माझी वापरली.

ऑगस्टअखेर वही संपली. नवी वही आणायचा
मला चोवीस वर्षांत प्रसंग आला नव्हता.

ती आली तेव्हा खुर्च्या कमी पडल्या.
चॅपलमधून आणल्या, शाळेतल्या बुटक्या आणल्या,
शेवटी बेननकडून, जो अंत्यविधींची व्यवस्था करतो,
काळ्या, घडीच्या, फार शांत खुर्च्या.

ती चांगली वक्ता नाही, हे मी सांगून ठेवते.
चष्मा शोधण्यात मिनिट गेलं, तो डोक्यावर होता.
मग म्हणाली, मला वाटायचं, अशी बोलणारी मी शेवटचीच.
इतके दिवस कुठे होता तुम्ही?
मागून ट्यूडर: इथेच होतो.
कुणी विचारलं नाही.

टाळ्या चालू असताना ब्रिनने मला स्वयंपाकघरात गाठलं.
या पोरांना टाळ्या वाजवू दे, म्हणाला,
पण कौन्सिल हातचं गेलं की
माझ्या आईच्या डब्याची गाडी कोण चालू ठेवणार?
विरोधात काढलेली वर्षं मी मोजलीत. अठरा.
मी कप पुसत राहिले.
उत्तर नव्हतं. अजून नाही.
माझी मतपत्रिका मी कुणाला दिली
ते मात्र विचारू नका, दिली.

बाहेर पावसात त्यांची मोटार निघेना.
काचा धुरकटलेल्या, आत चार हात हलत होते.
ब्रिन आणि इमलिन भांडत होते, मोठमोठ्याने,
एकवीस वर्षांत पहिल्यांदा.
मी दिवे थोडे उशिरा मालवले.

निकाल शनिवारी.
सकाळच्या पेपरात ती पहिली, दुपारच्या आकड्यात दुसरी,
उपाहारगृहातले ते गृहस्थ म्हणे कुणाशी बोलत नाहीत.
बेननला खुर्च्या सोमवारी नवाच्या आत हव्यात,
दहाला मिसेस हॅवर्डचा अंत्यविधी आहे.
मी परत द्यायच्या सगळ्या भिंतीला लावून मोजल्या.
एक जास्त भरली.
लाकडी, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी.
कुणीतरी घरून घेऊन आलं होतं.