बिनचावीच्या लाइनी

एकतीस वर्षं पर्वतीच्या टाकीखाली
पाणी सोडायचं काम केलं.
पहाटे साडेचारला लोखंडी चावी खांद्यावर,
दत्तवाडीला किती आटे, सहकारनगरला किती,
सगळं मनगटाला पाठ.

म्हणून ससूनच्या जिन्यात
त्या पोरगेल्या डॉक्टरनं केसपेपरच्या पाठीवर
हर्षदाच्या डोक्याचा नकाशा काढला
तेव्हा मला तो वाचता आला.

चार लाइनी वर चढतात, तो म्हणाला.
दोन गळ्याच्या दोन बाजूंनी, जाड.
दोन मागून, मणक्यांच्या भोकाभोकांतून.
मेंदूच्या बुडाशी त्या एकमेकींना मिळतात, कडं होतं.
एक बुजली तर दुसरीकडून फिरून पाणी येतं
(रक्त म्हणाला असेल. मी पाणीच ऐकत होतो).
लूप आहे, मी म्हणालो, आमच्याकडेपण आहे.
मिनिटाला किती?
पाऊण लिटर.
एवढंच?
स्वारगेटचा आमचा एक गळका व्हॉल्व्ह
याहून जास्त रस्त्यावर सोडतो
आणि कुणी तक्रारसुद्धा करत नाही.

मग विचारलं, बंद कुठली आहे साहेब?

येणाऱ्या सगळ्या चालू आहेत, काका.
जाणारी तुंबलीय.

येणारी ती रोहिणी, जाणारी ती नीला,
शाळेच्या पुस्तकात असतं तसं त्यानं सांगितलं.
हर्षदाच्या वर्गात एक रोहिणी होती.
नीला कुणी नव्हती.

आपण भांग पाडतो ना, बरोब्बर त्याच्याखाली
कवटीला आतून चिकटून एक मोठा पाट,
मेंदूनं वापरून झालेलं रक्त त्यात उतरतं.
मागे, उशीला टेकतं तिथं, संगम.
तिथून दोन फाटे, कानांमागून वळसे घेत
मानेतून खाली हृदयाकडे.
त्या पाटात गुठळी.

चावी कुठं असते? मी विचारलं.
या शिरांना झडपा नसतात, तो म्हणाला.
एकही?
एकही नाही.

बाळंतपणाला अकरा दिवस झालेले.
चौथ्यापासून ती म्हणत होती डोकं ठणकतंय,
आम्ही म्हणत होतो जागरण आहे, कानाला बांध.
डॉक्टरनं कागद घडी घातला आणि सहज विचारलं,
पाणी किती प्यायची?

बाळंतिणीला पाणी जपून द्यायचं असतं.
आमच्या घरात. तांब्या फडताळात, वरच्या फळीवर.
ती मागायची, आणि मी, अर्ध्या शहराला पाजून आलेला,
तिच्या आईकडे बघायचो.

रात्री दीडला सिद्रामला फोन लावला.
तो ड्रेनेजला. चौकी एकच,
आम्ही येणारं बघायचो, तो जाणारं.
त्याचा कप खिडकीच्या गजाला वेगळा टांगलेला,
कुणी टांगला, मी कधी विचारलं नाही.
म्हटलं, तुंबलंय, चावी नाही, काय करतात?
कुठल्या गल्लीत? तो उठून चपला शोधत असावा.
हर्षदाच्या डोक्यात, म्हटलं.

बराच वेळ नुसता त्याचा श्वास.
मग म्हणाला,
वरून दाब देऊ नका. खालनं मोकळं होत येतं.
वेळ लागतो. माणसानं तिथं बसून राहावं लागतं.

आणि सहाच्या आत येऊन बसला,
वॉर्डाबाहेरच्या बाकावर, थर्मास घेऊन.
थर्मासला झाकण एकच होतं.
आधी तो प्यायला. मग मी.

रोज दोन सुया, पोटात.
रक्त पातळ होण्याची वाट बघणं
हे काम मला येत नव्हतं.

नवव्या दिवशी तिनं डोळे नीट उघडले.
मी तिला दोन दिसत होतो,
दोघांपैकी कुणाशी बोलावं ते तिला ठरवता येईना.
कोपऱ्यातला नळ नुसता खरखरत होता, थेंब नाही.
तो आवाज ऐकून ती म्हणाली,
बाबा, आज गुरुवार का?

गुरुवारच होता.
मी बाटलीचं झाकण काढलं
आणि अख्खी बाटली तिच्या हातात दिली.