दाराची कुठली बाजू

डंडीत सकाळी नदीच्या तोंडाकडून धुकं शिरतं,
दगडी जिना चौथ्या मजल्यापर्यंत ओला.
कामाच्या कागदावर नाव नव्हतं.
पत्ता, आणि लाल शाईत: आजच, अंधार पडायच्या आत.
बिल महिला-केंद्राच्या नावे.
असे कागद महिन्याला चार-पाच येतात.
मी विचारत नाही.
ज्याच्या हाताखाली शिकलो तो म्हणायचा,
किल्लीचं भोक बघ, घरातलं माणूस बघू नको.

दार उघडलं केंद्रातल्या कर्स्टीनं.
आधी साखळी, मग अर्धा चेहरा, मग दार.
आत इश्बेल. घरातच, पण कोटाची चेन हनुवटीपर्यंत.
काल कोर्टाचा आदेश निघालाय,
त्यानं या घरात पाऊल ठेवायचं नाही.
पण आदेश कागदाचा असतो
आणि किल्ली पितळेची.
म्हणून मी.

चौकटीत तीन ठिकाणी लांबी भरलेली,
तीन वेळचे तीन पांढरे रंग.
लाथेची उंची कळते लाकडावरून.
सहा वर्षांचा लॅक्लन
एकेक स्क्रू माझ्या तळव्यावर ठेवत होता,
मोजत, ओठांतल्या ओठांत.
या घरात आकडेसुद्धा दबकत चालायचे.

नवं कुलूप बसलं. पेटी आवरली.
तेव्हा ती म्हणाली, पहिल्यांदाच बोलली,
"न्हाणीघराची कडीही काढाल?"

कडी बाहेरून होती.

बाहेरून.
आणि खालच्या कडेला किमतीची चिठ्ठी,
अर्धी सोललेली,
माझ्याच अक्षरातली.

दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरात बहुतेक.
टोपीवरून पाणी गळत होतं त्याच्या.
लांब स्क्रू द्या म्हणाला, आतून धक्के बसले तरी टिकतील असे.
मी म्हटलं, गाय कोंडायचीय की काय?
दोघंही हसलो.
चार स्क्रू मी फुकट दिले.

ते चारही निघता निघेनात.
पक्के बसले होते.
चांगला माल.

कर्स्टीनं आधी फोटो काढले,
मग कडी पिशवीत घालून वर तारीख लिहिली.
"कुठून घेतली ते कळलं तर बरं होईल," ती सहज म्हणाली.
लॅक्लन माझ्याकडे बघत होता. की मला तसं वाटलं.
"पावती आहे," मी म्हणालो. "माझ्याकडे."
कुणी काही बोललं नाही.
केटलीचं पाणी उकळलं आणि आपोआप बंद झालं.

किल्ल्या तीन.
एक इश्बेलच्या मुठीत, एक खालच्या मजल्यावरच्या म्हातारीकडे,
तिसरी कुणाला द्यायची ते तिला ठरवता येईना.
राहू दे, म्हटलं. घाई नाही.

मी जिन्यावर आलो. मागे दार लागलं.
किल्ली फिरली. उलटी फिरली. पुन्हा फिरली.
सात वेळा मोजलं मी,
ओठांतल्या ओठांत.

रात्री दुकानात जुनी पावतीबुकं काढली.
बायको जेवायला हाक मारत राहिली.
सप्टेंबर नव्हता, ऑक्टोबर होता. अकरा तारीख.
साक्षीला बोलावतील. जाईन.
काय सांगणार, की विनोद केला होता?

आता कुणी कडी मागितली की विचारतो,
दाराची कुठली बाजू?
बहुतेक लोक हसतात, म्हणतात,
आतली, दुसरी कुठली असणार.

परवा एक जण हसला नाही.
सुट्टे पैसे मोजत राहिला.
कडी दिली नाही मी.
तो गेला तेव्हा दारावरची घंटा वाजली,
आणि रस्त्याच्या पलीकडे
आणखी एक दुकान आहे.